मध्ययुगीन घराचे उत्खनन : चरात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात गावाच्या जमिनीची वाटणी पूर्वापार दोन शब्दांत होत आली आहे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षे एकाच ठिकाणी मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पडल्या, चुलींची राख आणि गोठ्यातला कचरा त्यांत मिसळला, पडझडीवरच पुन्हा घरे उठली, आणि त्यातून भोवतालच्या शेतांपेक्षा उंच असे फिकट मातीचे टेकाड तयार झाले. मध्ययुगातील, म्हणजे ढोबळमानाने यादवांपासून मोगलांपर्यंतच्या काळातील, पेठेच्या गावातले घर शोधायचे ते या पांढरीतच.

पहिल्या हंगामाला मी गेले तेव्हा उत्खनन म्हणजे भिंती शोधणे अशी माझी समजूत होती. तीन आठवडे मी भिंतींच्या मागे धावले आणि त्या नादात शेणाने सारवलेल्या दोन उत्तम जमिनी घमेल्यात भरून मातीच्या ढिगावर पाठवल्या. पांढरीतले चांगले दगड गावाने केव्हाच काढून नव्या घरांना लावलेले असतात, त्यामुळे आपल्याकडे घर उरते ते मुख्यतः जमिनींच्या आणि खड्ड्यांच्या रूपाने. पुढच्या सगळ्या सूचना या एका अनुभवातून आलेल्या आहेत.

१. परवानगी आधी, कुदळ नंतर

जागामालकाचा होकार, सरपंचांची तोंडी संमती किंवा महाविद्यालयाचे पत्र यांपैकी काहीही उत्खननाला पुरेसे नाही. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्याविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो, आणि संरक्षित नसलेल्या जागेवरही केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय राज्य शासनाला खोदकाम करता किंवा करू देता येत नाही. तुम्ही विद्यार्थी किंवा स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर परवाना काढणे हे तुमचे काम नाही, परंतु तो आहे की नाही हे उत्खननाच्या संचालकांना विचारणे तुमचे काम आहे. चांगले संचालक या प्रश्नाने रागावत नाहीत.

आणखी एक कायदा ठाऊक असू द्यावा. नांगरताना किंवा घराचा पाया घेताना एखाद्याला जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडला, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गावातला कोणी नाण्यांचे गाडगे घेऊन तुमच्या तंबूत आला तर ते ठेवून घेऊ नका; त्याला सोबत घेऊन तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात जा.

२. कागदपत्रे आणि साहित्य

गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो, हे शहरातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका पाहावी लागते. टेकाड शेतात उतरत असेल तर तेवढ्या भागाचा सातबारा वेगळा काढावा लागतो. ही कामे संचालकांची असली तरी दोन्ही कागदांची एक प्रत चरावर ठेवावी, कारण हद्दीचा वाद हमखास दुपारी, संचालक जागेवर नसताना निघतो.

तुम्ही स्वतः बरोबर न्यायचे ते असे:

विभागाचे किंवा संस्थेचे शिफारसपत्र, आधारची प्रत, दोन छायाचित्रे, धनुर्वाताची लस घेतल्याची नोंद.
टोकदार लहान करणी (गवंड्याची मोठी थापी चालत नाही), खुरपे, दोन इंची रंगाचा ब्रश, ५ मीटरची टेप, ओळंबा, सुतळी.
आलेख कागद, पेन्सिली, जाड पुठ्ठ्याची लेबले. लेबलावर शाईने लिहू नका. ओल लागली की शाई पसरते, पेन्सिल टिकते.
नाणी आणि मणी यांसाठी झाकणाच्या लहान डब्या, आणि पाण्याचा हातफवारा.
पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, पायात बंद बूट. भिंतीचा दगड उचलताना खाली विंचू आहे असे धरूनच उचलावा.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. मार्च संपेपर्यंत खोदकाम आटोपावे, कारण त्यानंतरच्या उन्हात माणूस आणि मातीचे थर दोन्ही वाळून जातात आणि मग थरांतला फरक डोळ्यांना दिसत नाही.

३. जाण्यापूर्वी तीन ठिकाणी पाय फिरवा

दौलताबादला बहुतेक लोक अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, पार करून बालेकिल्ल्यावर जातात आणि परत येतात. तुम्ही खालीच थांबा. पुरातत्त्व सर्वेक्षणाने मोकळ्या केलेल्या खालच्या शहरातले रस्ते आणि गल्ल्या तिथे पाहायला मिळतात, आणि रस्त्याला लागून घराचे जोते कसे येते, पाणी बाहेर कसे काढलेले असते, हे पायी चालून कळते. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी इथे आणली एवढे पाठ असण्यापेक्षा, दोन घरांच्या मध्ये मोरीला किती जागा सोडलेली असे हे डोळ्यांनी पाहिलेले असणे उत्खननात अधिक उपयोगी पडते.

दुसरे ठिकाण तेर. तिथले रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय मुख्यतः सातवाहनकालीन वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. मध्ययुगाच्या चरातही जुनी खापरे आणि जुन्या मोठ्या विटा वर येतच असतात, म्हणून त्या ओळखता आल्या पाहिजेत.

तिसरे ठिकाण सांगताना जरा संकोच वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील गावे नव्या जागी वसवली गेली. तिथल्या जुन्या गावठाणांत, आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही ओस पडलेल्या वाड्यात, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर कसे कोसळते आणि कोसळल्यावर त्याची माती कशी पसरते हे दिसते. छताची जड माती आत पडते, भिंतीचे दगड बाहेर आणि आत दोन्हीकडे ढासळतात, आणि पुढच्या पावसाळ्यांत त्यावर गाळाचा थर चढतो. अशी एक जागा शांतपणे पाहिली की चरात तोच क्रम उलट्या दिशेने वाचता येतो. मात्र त्या जागी माणसे गेलेली आहेत याचे भान ठेवून जा, आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारा.

४. आखणी

मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि त्यांनी रुजवलेली चौकोनांची पद्धत आपल्याकडे आजही चालते. ५ मीटर बाजूचा चौकोन आखून चारी बाजूंनी अर्धा मीटर माती सोडली की ४ मीटर बाजूचा चर मिळतो आणि शेजारच्या दोन चरांमध्ये १ मीटर रुंदीचा न खोदलेला बांध उभा राहतो. या बांधाच्या उभ्या कापात, म्हणजे छेदात, सगळे थर एकाखाली एक दिसतात. घरासाठी ही पद्धत जरा अडचणीची आहे, कारण घराचा नेमका कोपरा त्या बांधाखाली जातो. छेदाचे रेखाटन झाल्यावर बांध थराथराने काढून घर एकसंध उघडावे लागते.

उंचीचा मूळ बिंदू मंदिराच्या जोत्यासारख्या न हलणाऱ्या जागी घ्या. आम्ही एकदा तो शेताच्या बांधावरच्या हद्दीच्या दगडावर घेतला होता, आणि त्या दगडावरून दोन भावांचा वाद चालू होता. एका सकाळी दगड चार हात पलीकडे गेलेला आढळला.

५. वरचे दोन थर

वरचा थर उलथापालथ झालेला असतो. गावकरी माळवदावर टाकायला पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेत आले आहेत, त्यामुळे टेकाडावर जुने खड्डे असतात आणि त्यांत नंतरचा कचरा भरलेला असतो. हा भाग पटकन काढायचा, तरी प्रत्येक खड्ड्याची कड आखून ठेवायची.

टेकाडाच्या उतारावर काळी माती चढलेली असेल तर सावध राहा. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची लहान वस्तू त्यांतून थेट खालच्या थरात जाते. सोड्याच्या बाटलीचे बूच मला एकदा अशा खोलीवर मिळाले होते की क्षणभर श्वास थांबला. घुशींची बिळेही हेच करतात. भेग आणि बीळ यांतली माती आसपासच्या मातीपेक्षा भुसभुशीत असते. ती आधी वेगळी काढा आणि तिच्यातली वस्तू कोणत्याही थराच्या नावावर लावू नका.

६. भिंत, आणि भिंतीची अनुपस्थिती

आपल्याकडची दगड-मातीची भिंत बहुधा दुहेरी असते. बाहेरून आणि आतून घडीव किंवा निवडक दगडांची एकेक ओळ आणि मध्ये मातीत बसवलेले लहान दगड-गोटे. पुढे कोणी दगड न्यायला आला की तो तोंडाचे चांगले दगड नेतो आणि मधला भराव टाकून जातो. नवख्याला तो भराव म्हणजे पडझडीचा ढीग वाटतो आणि तो उचलून टाकतो. दगडगोट्यांचा सरळ रेषेत जाणारा, साधारण सारख्या रुंदीचा पट्टा दिसला की थांबा आणि दोन्ही कडांना काय आहे ते तपासा.

कधी तेवढेही उरत नाही. पायातले दगडसुद्धा उकरून नेलेले असतात आणि त्या जागी लांब, सरळ चर राहतो, ज्यात नंतरची सैल माती, चुन्याचे तुकडे आणि टाकून दिलेल्या कपच्या भरलेल्या असतात. हा चर म्हणजेच तुमची भिंत. त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनी अचानक थांबतात, आणि त्या जिथे थांबतात ती रेषा म्हणजे भिंतीचे तोंड. मोकळी जागा काढून तिला भिंत म्हणणे पहिल्यांदा विचित्र वाटते. आराखड्यावर ती तुटक रेषेने दाखवायची.

भिंतीला चिकटून खोल खणत जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तसे केले की भिंत स्वच्छ दिसते, छायाचित्रही छान येते, परंतु भिंत आणि जमीन यांचा सांधा कायमचा नष्ट होतो आणि कोणती जमीन भिंतीपूर्वीची व कोणती नंतरची हे सांगणारा दुसरा पुरावा राहत नाही.

७. जमीन वाचणे

आता मुख्य काम. पडझडीचा थर ओळखू येतो तो त्याच्या क्रमाने: वर दगड आणि भिंतींची माती, त्याखाली माळवदाची एकसारखी पांढरट माती, तिच्यात किंवा तिच्याखाली लाकडाच्या खुणा. घर जळलेले असेल तर तुळयांचा कोळसा आडव्या पट्ट्यांत मिळतो. हा पांढरट थर संपतो तिथे करणीचा आवाज बदलतो. माती खरवडली न जाता पापुद्र्यासारखी सुटू लागते. इथे टिकाव बाजूला ठेवा आणि मजुरांनाही थांबवा. या कामातल्या जुन्या बायकांना हा बदल आपल्याआधी कळतो, त्यांनी "ताई, जमीन लागली" म्हटले की ऐका.

सारवलेली जमीन छेदात पाहण्यासारखी असते. ब्रशने धूळ झटका, फवाऱ्याने हलके पाणी मारा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. शेणाचा प्रत्येक हात केसाएवढी रेघ सोडतो आणि मध्येमध्ये पिवळसर मातीचा जाड थर येतो, बहुधा सणासुदीला किंवा लग्नाआधी नव्याने जमीन केल्याचा. एका ओसरीच्या छेदात बोटाच्या पेराएवढ्या जाडीत मला १९ रेघा मोजता आल्या. त्या रेघा उंबऱ्याकडे जाताना पातळ होत होत एका खोलगट जागी पुसल्या गेल्या होत्या. ये-जा तिथूनच असणार.

एकच जमीन सगळ्या घरभर सारखी नसते. चुलीजवळ ती भाजून लालसर आणि कडक होते, न्हाणीकडे बारीक गाळ साचतो आणि मोरीच्या दगडाकडे उतार असतो, गोठ्यात ती हिरवट-काळी आणि जाड असते, चौकात फरशी किंवा नुसता मुरूम मिळतो. त्यामुळे एकाच खोलीतला रंगाचा फरक हा लगेच वेगळा थर मानू नका. आधी खोलीचा वापर मनात आणून पाहा.

सगळ्यांत महत्त्वाची सवय पिशव्यांची. जमिनीवर पडलेल्या वस्तू आणि जमिनीच्या आत, म्हणजे तिच्या भरावात, दबलेल्या वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांत गेल्या पाहिजेत. जमिनीवरचे खापर त्या घराच्या शेवटच्या दिवसांचे असते, भरावातले खापर जमीन करण्यासाठी कुठून तरी आणलेल्या मातीबरोबर आलेले असते आणि ते कितीही जुने असू शकते. या दोन पिशव्या एक झाल्या की घराचा काळ ठरवण्याचे साधन हातचे गेले.

८. खड्डे आणि पेवे

जमिनीत गोल डाग दिसला, माती मऊ लागली, तर तो खड्डा आहे. तो आधी रिकामा करायचा, मगच भोवतालची जमीन खोदायची, कारण खड्ड्यातला ऐवज जमिनीनंतरचा असतो. आधी अर्धाच खड्डा काढा, उभ्या कापाचे रेखाटन करा, मग उरलेला अर्धा. खड्ड्याचे तोंड कोणत्या जमिनीच्या पातळीवरून कापले आहे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धान्याचे पेव तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असते, आणि आतून माती-शेणाने लिंपलेले असते. वापर थांबला की घरचा सगळा कचरा त्यात जातो, त्यामुळे बांगड्यांचे तुकडे, हाडे, जळके धान्य असा ऐवज इथेच मिळतो. इथली माती चाळणीने चाळा आणि एक-दोन पोती न चाळता पाण्यात तरंगवून बिया वेगळ्या करण्यासाठी राखून ठेवा.

पेव पोकळ निघाले तर आत कोणालाही उतरू देऊ नका, दोरी बांधूनसुद्धा नाही. बंद पेवातली हवा प्राणघातक असते. तोंड एका बाजूने मोठे करत वरूनच काम करा.

९. काळ ठरवताना होणाऱ्या चुका

राखेचा थर दिसला की मराठवाड्यातल्या कोणालाही १२९६ ची अलाउद्दीनची देवगिरीवरील स्वारी आठवते, आणि जमीन ओस पडलेली दिसली की दुर्गादेवीचा दुष्काळ. बहुतेक वेळा ती राख चुलीची असते आणि ओस पडण्याचे कारण घरातल्या वाटण्या असतात. इतिहासातल्या प्रसिद्ध घटनेला आपला थर चिकटवण्याआधी तोच थर किमान शेजारच्या दोन-तीन घरांत मिळतो का हे पाहावे.

नाणे सापडले म्हणजे काळ सापडला, असेही नाही. नाणे पाडल्यानंतर कधीतरी ती जमीन झाली एवढेच त्यातून कळते. शिवराई तर इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती, त्यामुळे शिवराई सापडलेले घर शिवकालीन म्हणून जाहीर करू नये. बहमनी तांब्याचे नाणे गुळगुळीत झिजलेले असेल तर ते अनेक हातांतून गेलेले आहे हे लक्षात ठेवा.

मला भाजलेल्या मातीची चिलीम नाण्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आली आणि दख्खनमध्ये तिची ओढ लागली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. चिलमींचे तुकडे भरपूर मिळणारा थर त्यामुळे बहुधा १६०० च्या अलीकडचा, म्हणजे मलिक अंबरच्या आसपासचा किंवा नंतरचा धरता येतो. उलट जुनी मोठी वीट फसवते, कारण सातवाहनांच्या विटा उकरून नंतरच्या भिंतीत लावलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

१०. नोंदी त्याच दिवशी

प्रत्येक थराला, खड्ड्याला आणि जमिनीला स्वतंत्र क्रमांक द्या आणि तो कशाच्या वर, कशाच्या खाली व कशाला कापतो हे त्याच दिवशी लिहा. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये तयार केलेला थरांच्या नात्यांचा तक्ता घराच्या उत्खननात फार उपयोगी आहे, कारण एका घरात वीस-पंचवीस जमिनी सहज होतात आणि डोक्यात त्यांचा हिशेब राहत नाही. वहीत "बहुतेक", "असे वाटते" हे शब्द खुशाल वापरा. शंकेची नोंद नंतर कामाला येते, खोटा ठामपणा येत नाही.

११. गुप्तधनाची अफवा

ही अफवा उठणारच. चराच्या कडेला रात्री कोणी नारळ-लिंबू ठेवून जाते, आणि एखाद्या सकाळी जमिनीत नवा खड्डा पाडलेला आढळतो. आमच्या एका चरात असा खड्डा नेमका चुलीच्या मधोमध पाडला गेला. यावर पहारेकऱ्यापेक्षा उघडपणा अधिक चालतो. सापडलेली वस्तू लपवून तंबूत नेऊ नका. तिथेच लेबल लावा, जमलेल्यांना दाखवा, नोंदवहीत लिहिताना त्यांना पाहू द्या. आठवड्यातून एकदा शाळेची मुले आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांना चर दाखवा. खापरांचे ढीग आणि शेणाच्या रेघा पाहून लोकांचा हिरमोड होतो, आणि तो हिरमोड आपल्या उपयोगाचा आहे.

१२. चर बुजवणे

हंगामाच्या शेवटी चर उघडा ठेवू नका. पहिल्याच पावसात छेद ढासळतात आणि गुरे आत पडतात. उघड्या जमिनींवर आणि भिंतींवर जाळीदार कापड किंवा भोके पाडलेला प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर वीतभर वाळू घाला आणि मग मूळची माती थराथराने दाबत भरा. कोपऱ्यांच्या खुंट्या लोखंडी करून जमिनीच्या पातळीखाली ठोका आणि त्यांची अंतरे मंदिराच्या जोत्यावरील बिंदूपासून मोजून वहीत लिहा. वाळू घालण्याआधी कापडावर चालू वर्षाचे एक-दोन रुपयांचे नाणे ठेवायला विसरू नका, म्हणजे पुढे कधी दुसरे कोणी इथे उतरले तर आपण कुठवर आणि केव्हा खोदले होते ते त्याला कळेल.